दोन दाण्यांनी सरकलेली चेन

टिक्.

थोडं थांबून पुन्हा टिक्, टिक्, आणि मग घरंगळत जाणारा एक लांब, बारीक आवाज. तो स्वयंपाकघरातून निघाला, मधल्या दारातून पुढच्या खोलीत गेला आणि तिथं कशाला तरी आपटून थांबला. दुपारचे अडीच वाजले होते. माझी लेक टिंकू झोपलेली, सासूबाई झोपलेल्या, आमच्या दवनीवाड्यातली कुत्रीसुद्धा भाताच्या तणसाच्या ढिगाआड झोपलेली. जागे होते ते फक्त माझे सासरे केशोराव, आणि आवाज नेमका त्यांच्याच खुर्चीपाशी जाऊन थांबला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "हा छर्रा कोणाचा?"

मामाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. तीस वर्षं कालवे मोजले. त्या खात्याची शिस्त अशी की वस्तू सापडली तर आधी ती कोणाची ते विचारायचं. ती काय आहे हा पुढचा टप्पा. मी हात पुसत बाहेर आले. पुसून उपयोग नव्हता, हात कोपरापर्यंत काळे होते. ओट्यावर परातीत डिझेल होतं आणि डिझेलात माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचे सतरा छर्रे. अठरावा मामाजींच्या चिमटीत. (परात जुनी होती, पोळ्यांची नव्हती. सासूबाई हे कधी वाचतील तर त्यांच्यासाठी लिहून ठेवते.)

"माझा," मी म्हणाले, आणि तिथंच माझं अर्धं गुपित फुटलं.

आता हे गुपित काय होतं ते सांगायला हवं, आणि सांगताना मान खाली घालावी लागते. आमच्या गावात सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाच्या आधी महिलांची स्लो सायकल स्पर्धा असते. तीस फूट अंतर, फक्कीच्या रेघा, जी सगळ्यात शेवटी पोचते ती जिंकते. पाय टेकला की बाद. मागच्या वर्षी मी भाग घेतला आणि तिसऱ्या फुटावर पडले. पडले तर पडले, पण बाजूच्या टेबलावर पडले. टेबलावर पोह्यांचं घमेलं होतं. पुढचं गावातल्या सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय.

हेही मी विसरले असते. पण टिंकू विसरेना. ती तेव्हा चार वर्षांची होती. घरी कोणी आलं की ओळख करून द्यायची, "माहे बाबा कृषी ऑफिसात जातात. माही आई पडते." जणू दोघांचाही हा रोजगारच. अंगणवाडीत 'माझं घर' हे चित्र काढायला सांगितलं, तर बाकी पोरांच्या आया उभ्या आणि माझी लेक आणते ती आई आडवी. भिंतीला लावलं होतं ते. चार महिने.

मला जिंकायचं नव्हतं हो. मला फक्त त्या चित्रात उभं राहायचं होतं.

मग एका दुपारी मोबाइलवर मला तो मुलगा दिसला. कुठल्याशा परदेशी शहरात लाल सिग्नलला सायकलवर बसून होता आणि पाय न टेकता सायकल जागच्या जागी उभी. खाली लिहिलं होतं की ही फिक्स गिअरची सायकल. आपल्या साध्या सायकलचं मागचं चाक पुढे पळत असताना पायडल निवांत थांबू शकतं, ते फ्रीव्हील नावाच्या चकतीमुळे. हिच्यात पायडल आणि चाक यांची एकमेकांना जन्माची गाठ. पायडल थांबलं की चाक थांबणार. पायडल मागे फिरवलं तर सायकल मागे. म्हणजे पायानं बोटभर पुढे, बोटभर मागे करत माणूस एका जागी पाहिजे तेवढा वेळ उभा राहू शकतो. माझ्या मनात पाप शिरलं ते तेव्हाच. पण त्या घडीला ते मला विज्ञान वाटलं.

गोंदियाला गेले तेव्हा सायकलच्या सुट्या भागांचं एक दुकान गाठलं. मालक दुर्गाप्रसाद. त्यांनी माझं म्हणणं दोनदा ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, फ्रीव्हील जाम हो जाए तो लोग खुलवाने आते हैं. चालीस साल में आप पहली हैं जो जाम करवाने आई हैं." आणि मला चहा पाजला. आजारी माणसाला पाजतात तसा.

राहिला आमचा बकाराम. पोस्टाच्या भिंतीला लागून त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. वय सत्तरीच्या पुढे. मी भीत भीत विचारलं तर म्हातारा एकदम फुलला. त्याच्या जवानीत बाजाराच्या पटांगणात एक सायकलवाला आला होता, सात दिवस सात रात्री सायकलवरून उतरला नव्हता. सायकलवरच जेवला, सायकलवरच आंघोळ केली. "त्याचं फ्रीव्हील मीनंच जाम केलतं, बाई! चाक खोलून, छर्रे साफ करून आन. मंग पाह्य मी काय करतो ते."

म्हणून परात, म्हणून डिझेल, म्हणून तो अठरावा छर्रा.

मामाजींना मी खरं ते सांगितलं, फक्त स्पर्धेचं सोडून. म्हणाले, "प्रयोग हाय?" मी म्हटलं, "हो." त्यांनी छर्रा परत दिला, पण प्रकल्प ताब्यात घेतला.

बकारामनं फ्रीव्हीलला वेल्डिंगचे चार टाके मारले. मधला दांडा झिजलाय म्हणून तोही बदलला. पायडलांना जोडणारा दांडा असतो ना, तो. चेन कव्हर काढून बाजूला ठेवलं. सायकल जाम झाली! मी बसले, चार हात गेले, आणि खट्. चेन खाली. पुन्हा लावली, सहा हात, खट्.

"चेन सरळ येऊन नाही राहिली," बकाराम एक डोळा मिटून म्हणाला. "पुढची चकती न् मागची चकती एका रेषेत पायजेत. मागची बाहेर हाय. लय नाही, दोन दाणे."

साध्या सायकलला एवढं चालून जातं. पण जाम सायकलची चेन दोन्हीकडून ताण खाते, तिला तिरपेपणा सोसत नाही. हे मला नंतर वाचून कळलं. तेव्हा मी एवढंच केलं, की घरी येऊन निरोप दिला : दोन दाणे.

आमच्याकडे सगळं तांदळात मोजतात, त्यात नवल नाही. नवल पुढे झालं. मामाजींनी डब्यातून चिन्नोर तांदळाचे दोन दाणे काढले, कागदावर एकापुढे एक ठेवले, पट्टी लावली आणि वहीत लिहिलं, "अकरा मिलिमीटर." मग त्या मापाचे वायसर शोधायला आख्खी दुपार. शेजारची मंजू ताक मागायला आली होती, ती म्हणाली, "मामाजी, बकारामभाऊ चिन्नोर कुठून खाते? रेशनचा जाडा दाणा म्हनला असंन." यावर सासूबाई उठून बसल्या. जाडा म्हणजे कोणता जाडा, आणि कच्चा की उकडा? गल्लीतले आणखी दोघं-तिघं कुंपणापाशी जमले. एकानं शिजलेल्या भाताचा मुद्दा काढला, तर त्याला सगळ्यांनी मूर्खात काढलं. आणि मला तो अगदीच मूर्ख वाटला नाही यावरून माझी अवस्था ओळखा. मामाजींनी शेवटी तीन जातींचं माप घेऊन सरासरी काढली. कालव्याची घेत तशी.

दाणे एकापुढे एक ठेवायचे की एकाशेजारी एक, हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही.

वायसर चेनीच्या बाजूला बसले. चाक इतकं डावीकडे गेलं की मडगार्डला घासू लागलं. पण चेन पडेना. मी खूश. ब्रेकच्या काड्या बकारामकडेच होत्या, "उद्या लावतो" म्हणाला होता. म्हटलं, एक चक्कर मारून पाहू.

सायकल चालवताना आपण पायडल मारणं थांबवतो, हे आपल्याला ठाऊकच नसतं. मी घरापाशी आले, सवयीनं पाय थांबवले, आणि पायडलनं माझे पाय उचलून पुढे नेले. थांबता येईना, उतरता येईना. सासूबाई फाटकात उभ्या होत्या. "काऊन वं? कुठं जाते?" "येते!" म्हणाले मी, आणि घर मागे पडलं. देवळाला वळसा घालून परत आले. "अवं दुर्गा, थांब नं!" "थांबता येत नाही!" म्हणत पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला फाटकात दहा बायका. माझे केस सुटलेले, डोळ्यांत पाणी. वाऱ्यानं आलं होतं ते, पण वारा कोणाला दिसतो? चौथ्यांदा वळण चुकलं आणि मी कालव्याच्या रस्त्याला लागले. तिथं चेन पडली, सायकल गचकली आणि मी कोणाच्या तरी तणसाच्या ढिगात कमरेपर्यंत रुतले.

तोवर कृषी ऑफिसात फोन गेला होता. ओमेश, म्हणजे माझा नवरा, साहेबाची बैठक सोडून मोटरसायकल हाणत आला. फोनवर त्याला सांगितलं होतं : तुही बायको रडत रडत सायकलवर घर सोडून चालली, सासूनं तीनदा थांबवलं, ऐकलं नाही. केसांतलं तणस काढता काढता तो हळूच म्हणाला, "माझं काही चुकलं का वं?" इतकी वर्षं सोबत राहून या माणसाला पहिली शंका स्वतःबद्दल यावी! मला तिथंच सगळं सांगून टाकावंसं वाटलं, आणि मी सांगितलंही. त्यानं ऐकलं, हसला आणि मग गंभीर होऊन विचारलं, "हे चिटिंग नाही होत?" मी म्हटलं, नियमात तसं लिहिलेलं नाही.  तो शेवटी सरकारी माणूस. नियमात नाही म्हटलं की गप्प होतो.

चेन शेवटी मी सरळ केली. हे सांगताना मला अभिमान वाटतो. या गोष्टीत तो एवढ्या एकाच जागी वाटतो. टिंकू झोपली की मी पडवीत सायकल उलटी करून बसायची. एका दुपारी शिवणाचा दोरा पुढच्या चकतीला लावून मागे ताणला, आणि पाहता पाहता दिसलं, पुढच्या चकतीपाशी फ्रेमचा रंग खरवडलाय. ताजा. ही सायकल मला नववीत सरकारकडून मिळाली, तेव्हापासून कधी घासली नाही, मग आत्ताच का? मागची बाहेर नव्हतीच. पुढची आत गेली होती. बकारामनं नवा दांडा बसवताना उलटा बसवला होता. त्याची लांब बाजू चेनीकडे पाहिजे, ती गेली होती पलीकडे.

आता हे बकारामला सांगणार कोण? ज्यानं सात दिवसवाल्याची सायकल जाम केली, त्याला सुनेनं सांगायचं? मी नुसता दोरा लावून दाखवला आणि म्हटलं, "काका, मला काही समजत नाही यातलं." म्हाताऱ्यानं दोऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दांडा काढला, फिरवून बसवला, सगळे वायसर कचऱ्यात टाकले. म्हणाला, "त्या दिवशी उजेड कमी होता."

आणि चेन वाहू लागली. खट् नाही, खर्र नाही. कालव्याला पहिलं पाणी सोडल्यावर येतो तेवढाच सुळसुळ आवाज. खळ्यावर मी टिंकूला मागे बसवलं आणि जागच्या जागी उभी राहिले. ती माझ्या पाठीला गाल लावून मोजत होती. तिला वीसपर्यंत येतं. वीस झाले, पुन्हा एकपासून. तसे सात वीस झाले. "आई, तू पडूनच नाही राहिली!" ती म्हणाली. हे ऐकण्यासाठी मी आणखी काय काय जाम केलं असतं, देव जाणे.

अर्ज भरायला ग्रामपंचायतीत चार खेपा झाल्या. एकदा शिक्का नव्हता, एकदा शिक्का होता तर शाई नव्हती, तिसऱ्यांदा रेशनकार्डाची झेरॉक्स लागते असं कळलं. हळू जाण्याचा आणि रेशनचा संबंध काय हे विचारायची सोय नाही. चौथ्यांदा अर्ज हातात आला. त्यात एक रकाना : 'सायकल साधी आहे काय? होय / नाही.' दोन वर्षांपूर्वी कोणाची तरी पाहुणी गिअरची सायकल घेऊन आली होती, तेव्हापासूनचा.

"साधी म्हणजे कशी?" मी विचारलं.

स्पर्धेच्या प्रमुख सावित्रीबाई म्हणाल्या, "जिले गिअर बदलता येत नाही ते."

माझीला बदलता येत नाही. माझीला तर काहीच बदलता येत नाही. मी 'होय'वर खूण केली. ती जरुरीपेक्षा मोठी आली.

मंजूचं मी अजून सांगितलं नाही. टाळत होते. मागची तीन वर्षं ही स्पर्धा मंजू जिंकते आहे. जिंकणारीचं नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वर्षभर राहतं, आणि मंजूचं अक्षर चांगलं म्हणून सावित्रीबाई तिलाच लिहायला लावतात. एरवी गावात ती लखनची बायको. तेवढ्या फळ्यावर मंजू. मी पडल्यावर पोह्यांतून मला उठवलं तेही तिनंच, आणि यंदाच्या दिवाळीनंतर रोज सकाळी कॅरिअर धरून मला तोल शिकवला तोही तिनंच. "नजर चाकावर नोको ठेवू वं. दूर पाह्य. पडते त्याची नजर खाली असते." सायकल जाम झाल्यावर तिनं एकदाच विचारलं, "चेन कव्हर काऊन काढलं?"

"साडी अडकते म्हणून," मी म्हणाले.

साडी अडकू नये म्हणूनच कव्हर असतं, हे अंगणवाडीतल्या पोरालाही कळतं. मंजूला कळलं नाही असं नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच.

सव्वीस तारखेला आम्ही सहाजणी होतो. पहिल्या दहा फुटांत चौघी बाद. मंजू माझ्या शेजारच्या रेघेत होती, हँडल थरथरवत, ओठ चावत, इंच इंच. मी मधोमध उभी. बोटभर पुढे, बोटभर मागे. नजर दूर. मंजू रेषेवर पोचली तेव्हा टाळ्या झाल्या, मग लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून अर्ध्यात होते. पुन्हा टाळ्या. मग टाळ्या थांबल्या. मग कोणी तरी खोकलं. मी थांबू शकत होते, संध्याकाळपर्यंत थांबू शकत होते, आणि खरं सांगते, पुढे जायचं भान नव्हतं. टिंकू शेवटच्या रेषेपाशी उभी राहून वीसवर वीस मोजत होती. शेवटी सावित्रीबाई माइकवर ओरडल्या, "अवं ये नं आता! झेंडा खोळंबला हाय!"

बक्षीस म्हणून कुकर मिळाला. मंजूनं धावत येऊन मला मिठी मारली. "माही चेली! मीनं शिकवलं हिले!" ती ज्याला त्याला सांगत होती, लखनला सांगत होती, साहेब लोकांना सांगत होती. मग फळा पुसून तिनं रंगीत खडूनं माझं नाव लिहिलं, 'सौ. दुर्गेश्वरी', आणि बाजूला एक फूल काढलं. तिनं स्वतःच्या नावाला तीन वर्षांत कधी फूल काढलं नव्हतं.

तो कुकर अजून खोक्यात आहे. सासूबाई म्हणतात, वापर. मामाजींनी अर्ज आणि नियम वाचून मला लेखी दिलंय की कोणत्याही कलमाचा भंग झालेला नाही. खाली सही, तारीख. ओमेश एवढंच म्हणाला, "सांगून टाक तिले. बरं वाटंल तुले."

काल दुपारी गेले सांगायला. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून वाटीभर तिळाची चटणी घेतली. मंजू अंगणात बसून गुडघ्याला हळद लावत होती. दोन्ही गुडघे सोललेले.

"काय झालं गं?"

"काही नाही वं," ती हसली. "तू उभी राहत होती नं मधात, तसं करून पाहून राहिली चार दिवसांपासून. जमतच नाही मले. धडाधड पडते. कसं करते वं तू? सांग नं."

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. आणि त्यातून निघालं, "नजर दूर ठेवत जा." तिचंच वाक्य तिलाच देऊन, वाटी ठेवून, मी परत आले. रस्त्यात फळा होता. मी पलीकडच्या बाजूनं आले.

आज दुपारी टिंकू झोपली नाही. मी पडवीत हे लिहीत बसले होते, तर ती दप्तर ओढत आली आणि मांडीशी टेकली. शुक्रवारी तिच्या शाळेत लिंबू-चमच्याची शर्यत आहे म्हणे. चमचा तोंडात धरायचा, त्यात लिंबू, आणि धावायचं. लिंबू पडलं की बाद. ती थोडा वेळ माझ्या लिहिणाऱ्या हाताकडे पाहत राहिली. मग अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, तिनं मला विचारलं :

"आई, बकाराम आजा चमच्याले लिंबू वेल्डिंग करून देईन का?"